माशांच्या पिलांचा पहिला घांस

घरांत कांचेची टांकी ठेवून तींत रंगीत मासे पाळण्याचा छंद शहरांतून आतां पुष्कळ ठिकाणीं दिसतो. मासे विकत आणणें सोपें, त्यांना जगविणें थोडें अवघड, आणि त्यांचीं पिलें वाढविणें त्याहूनहि अवघड. या तिसऱ्या पायरीवर बहुतेकांचा पाय घसरतो. तो कां घसरतो आणि घसरूं नये म्हणून काय करावें, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

पुष्कळ घरांत घडणारी एक गोष्ट नमुन्यादाखल सांगतां येईल. घरांत प्रथम गप्पी मासे येतात. गप्पीची मादी अंडीं घालीत नाहीं. ती जिवंत पिलें देते. तीं जन्मतांच सहासात मिलिमीटर लांबीचीं असतात, आणि मोठ्या माशांचेंच कोरडें अन्न चिमटींत चुरडून टाकलें कीं तें टिपूं लागतात. महिन्या-दोन महिन्यांत टांकी भरून जाते, आणि मुलांना वाटतें कीं माशांचें सारें शास्त्र आपल्या हातीं आलें. मग सयाम देशाकडून जगभर पसरलेल्या लढाऊ माशाची, म्हणजे बेट्ट्याची, जोडी घरीं येते. नर पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचें घरटें बांधतो, मादीनें टाकलेलीं अंडीं तोंडानें उचलून त्यांत ठेवतो, आणि एखादें खालीं घसरलेंच तर तें पुनः उचलून जागेवर नेतो. एकदोन दिवसांत अंडीं फुटतात आणि घरट्याखालीं शेंकडों बारीक शेपट्या लोंबूं लागतात. घरांत आनंदीआनंद होतो. आणखी दोनतीन दिवसांनीं पिलें आडवीं होऊन पोहूं लागतात. गप्पीच्या अनुभवावरून कोरडें अन्न कुटून त्यांनाहि घालण्यांत येतें. चारपांच दिवस जातात, आणि एके सकाळीं नात टांकीपाशीं उभी राहून विचारते, "आजोबा, पिलें कुठें गेलीं?"

टांकींत एकहि मेलेलें पिलूं दिसत नाहीं. इतके बारीक देह पाण्यांत कुजून नाहींसे होण्यास एक रात्रहि पुरते. आजोबांचा पहिला संशय बापावर जातो. त्यानेंच तीं खाल्लीं असावींत असें त्यांना वाटतें. दुसरा संशय थंडीवर जातो. हीं दोन्ही कारणें कधींकधीं खरीं असतात. पण बहुधा खरें कारण निराळें असतें. तीं पिलें भुकेनें मेलेलीं असतात. सभोंवतीं अन्न तरंगत असतां तीं उपाशीं मरतात, कारण त्या अन्नाचा कण त्यांच्या तोंडांत मावत नाहीं, आणि तो हालत नसल्यामुळें तें अन्न आहे हेंहि त्यांना उमगत नाहीं.

महाराष्ट्रांत मत्स्यशेती करणारे लोक अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिलांना मत्स्यजिरें म्हणतात. त्याहून वाढलेलीं तीं मत्स्यबीज, आणि बोटाएवढीं झालीं कीं बोटुकली. जिऱ्याची ही उपमा रोहू-कटल्यासारख्या मोठ्या माशांच्या पिलांना चांगली शोभते. पण बेट्ट्याचें पिलूं सुमारें तीन मिलिमीटरांचें असतें, आणि गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील लाल्या गुरामी नांवाच्या सुंदर माशाचें त्याहूनहि लहान. त्यांच्या पुढें जिरेंसुद्धां मोठें वाटावें. अशा पिलाच्या तोंडाचें छिद्र मिलिमीटरच्या एकदोन दशांशांएवढेंच असतें. घरांत कुटलेल्या अन्नाचा बारीकांतला बारीक कणहि त्याच्या दृष्टीनें धोंडाच होय.

अंड्यांतून बाहेर पडलेल्या पिलाच्या पोटाला बलकाची एक पिशवी चिकटलेली असते. ही त्याच्या आईनें बांधून दिलेली शिदोरी. ती असेपर्यंत त्याला बाहेरच्या अन्नाची गरज नसते, आणि त्या वेळीं टाकलेलें अन्न केवळ पाणी नासवितें. शिदोरी संपण्याच्या सुमारास पिलूं आडवें होऊन पोहूं लागतें, डोळे हालवूं लागतें, शिकार शोधूं लागतें. येथून पुढचे थोडे दिवस त्याच्या सर्व आयुष्यांत निर्वाणीचे असतात. या मुदतींत पहिला घांस मिळाला तर तें जगतें. न मिळाला तर एक वेळ अशी येते कीं तिच्यानंतर अन्न समोर आलें तरी तें धरण्याची शक्ति त्याच्यांत उरत नाहीं. तें अद्याप पोहत असतें, म्हणून पाहणाराला जिवंत दिसतें. पण त्याचा निकाल लागून गेलेला असतो.

हा नियम केवळ बरणींतल्या पिलांचा नाहीं. नॉर्वे देशाचे शास्त्रज्ञ योहान योर्ट यांनीं १९१४ सालीं उत्तर युरोपांतील मासेमारीवर एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. एखाद्या वर्षीं जन्मलेले मासे पुढें अनेक वर्षें जाळीं भरून टाकतात, आणि दुसऱ्या वर्षीं जन्मलेले जवळजवळ दिसतच नाहींत, हें कोडें त्यांच्यापुढें होतें. १९०४ सालीं जन्मलेल्या हेरिंग माशांनीं नॉर्वेच्या कोळ्यांना कितीएक वर्षें पोसलें. योर्ट यांनीं असा तर्क मांडला कीं अंडीं किती पडलीं यापेक्षां शिदोरी संपण्याच्या सुमारास पिलांच्या तोंडाजवळ योग्य अन्न होतें कीं नव्हतें, यावर त्या वर्षाच्या पिढीचें भवितव्य ठरत असावें. पुढील संशोधकांनीं या तर्काला इतर कारणांची जोड दिली आहे. तरी त्याचें महत्त्व ओसरलेलें नाहीं. आपल्या देशांतहि १९५७ सालीं हीरालाल चौधुरी यांनीं कार्प जातीच्या माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोंचून त्यांच्याकडून अंडीं घालवून घेतलीं, आणि त्यानंतर मत्स्यजिरें मुबलक होऊं लागलें. परंतु जिरें सोडण्यापूर्वीं संगोपनाच्या तळ्यांत शेण घालून सूक्ष्म प्राणी वाढवून ठेवावे लागतात, हा पाठ कोणाहि मत्स्यशेतकऱ्याला चुकलेला नाहीं. तळें असो कीं बरणी असो, पाहुण्यांच्या आधीं शिधा घरांत आला पाहिजे.

आतां अन्न कसें निवडावें तें पाहिलें पाहिजे. त्याला चार कसोट्या लावाव्या. पहिली, तें पिलाच्या तोंडांत मावावें. दुसरी, तें हालतें असावें. कारण पिलाची नजर हालचालीवर खिळते. तिसरी, पिलें ज्या थरांत पोहतात त्याच थरांत तें राहावें. वर तरंगणाऱ्या पिलांना तळाशीं बसलेल्या अन्नाचा कांहीं उपयोग नसतो. आणि चौथी, खाल्लें गेलें नाहीं तरी तें कांहीं काळ जिवंत राहावें, म्हणजे पाणी नासत नाहीं. कोरडी पूड यांपैकीं एकाहि कसोटीला धड उतरत नाहीं.

पहिल्या दिवसांसाठीं सर्वांत जुनें आणि सर्वांत स्वस्त अन्न म्हणजे कुजत घातलेल्या पाण्यांतील सूक्ष्म जीव. यांनाच इन्फ्युझोरिया म्हणतात. हॉलंडांतील डेल्फ्ट गांवचा कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहुक यानें १६७६ सालीं मिरीं तिखट कां लागतात हें शोधण्यासाठीं तीं पाण्यांत भिजत घातलीं, आणि स्वतः घासलेल्या भिंगांतून पाहतां त्या पाण्यांत त्याला असंख्य जीव धांवतांना दिसले. मिऱ्यांचें तिखटपण तसेंच राहिलें. जग मात्र एका नव्या सृष्टीला मुकलें होतें तें तिला भेटलें. या जीवांपैकीं चपलेच्या तळव्यासारखा दिसणारा पॅरामीशियम हा प्राणी पिलांच्या फार उपयोगाचा. तो मिलिमीटरच्या दोनतीन दशांशांएवढा असतो आणि अंगावरील लव हालवून मंद गतीनें पोहतो.

त्याची पैदास घरांत सहज करतां येते. मूठभर वाळलेलें गवत दोन शेर पाण्यांत दहापंधरा मिनिटें उकळावें आणि गवतासह तें पाणी कांचेच्या बरणींत घालून निवूं द्यावें. गवत औषध न फवारलेलें असावें. तें न मिळालें तर कोबीचें एखादें पान किंवा केळ्याच्या सालीचा लहानसा तुकडा चालतो. एकदोन दिवसांत पाणी दुधाळ होतें आणि त्याला वास येतो. नवशिका माणूस येथेंच घाबरून बरणी ओतून देतो. त्यानें धीर धरावा. हा दुधाळपणा जंतूंचा असतो, आणि जंतु हें पॅरामीशियमचें अन्न. या वेळीं जुन्या टांकींतील किंवा तळ्यांतील पेलाभर पाणी फडक्यांतून गाळून बरणींत घालावें. घरांत दुधाला विरजण लावतात, तसेंच हें विरजण होय. गाळणें मात्र विसरूं नये. नाहींतर त्यांतून पिलें खाणारे किडे आणि हायड्रा यांची आयात होते. आणखी चारपांच दिवसांत पाणी निवळूं लागतें. बरणी उजेडासमोर धरून काळ्या कागदापुढें पाहिली कीं पांढऱ्या धुळीसारखे कण हालतांना दिसतात. धूळ खालीं बसते. हे कण वर येतात, वळतात, एकमेकांना चुकवितात. अन्न तयार झाल्याची ही खूण.

हें विरजण फार दिवस टिकत नाहीं. आठपंधरा दिवसांत त्यांतील जीव अन्न संपवून स्वतःच संपतात. म्हणून तीनचार दिवसांच्या अंतरानें एकामागून एक अशा तीन बरण्या लावाव्या, आणि जुनींतलें पेलाभर पाणी नवींत टाकावें. ज्या घरांत दह्याची कवडी वर्षानुवर्षें मोडत नाहीं, त्या घरांतील गृहिणीला हें शिकवावें लागत नाहीं. बरणीच्या तोंडाला नेहमीं स्वच्छ फडकें घट्ट बांधावें. उघड्या पाण्यांत डांस अंडीं घालतात, आणि माशांच्या पिलांपायीं घरांतील मुलांना डेंग्यू किंवा हिंवताप व्हावा, हा सौदा कोणालाहि परवडणारा नाहीं.

दुसरें अन्न म्हणजे शिरक्यांतले सूत्रकृमि. फळांच्या कच्च्या शिरक्यांत दोराच्या बारीक तुकड्यासारखे दिसणारे हे कृमि राहतात. लांबीला ते एकदोन मिलिमीटर असतात, पण जाडी इतकी थोडी असते कीं लहान पिलूंहि त्यांना शेवईसारखें गिळूं शकतें. सफरचंदाचा शिरका आणि पाणी समभाग घेऊन त्यांत सफरचंदाची फोड टाकावी आणि थोडेसे कृमि सोडावे. ही पैदास महिनेच्या महिने फारशी निगा न ठेवतां टिकते. कृमि काढण्याची युक्ति गमतीची आहे. बारीक मानेच्या बाटलींत शिरका मानेपर्यंत भरावा, त्यावर कापसाचा बोळा बसवावा आणि बोळ्यावर गोडें पाणी ओतावें. हवेसाठीं कृमि बोळ्यांतून वर गोड्या पाण्यांत येतात, आणि शिरका खालींच राहतो. दुसऱ्या दिवशीं वरचें पाणी नळीनें उचलून पिलांना घालावें. हे कृमि गोड्या पाण्यांत दिवसच्या दिवस जगतात आणि मधल्या व वरच्या थरांत वळवळत राहतात. म्हणून गुरामीसारख्या वर राहणाऱ्या पिलांना ते सोयीचे.

ओटच्या पिठांत वाढणारे दुसरे सूत्रकृमि आहेत. त्यांना छंदी लोक मायक्रोवर्म म्हणतात. शिजवून निवविलेल्या ओटच्या लापशीवर चिमूटभर यीस्ट टाकून त्यावर ते सोडले कीं थोड्याच दिवसांत ते डब्याच्या भिंतीवर चढूं लागतात. तेथून ते बोटानें पुसून घेऊन पाण्यांत खळबळावे. हे मात्र लवकर तळाशीं जातात. तळाशीं चरणाऱ्या पिलांना ते उत्तम. वर तरंगणाऱ्यांना तितकेसे नव्हेत.

पिलें थोडीं मोठीं झालीं म्हणजे आर्टेमियाची पाळी येते. हा अति खाऱ्या सरोवरांत आणि मिठागरांच्या पाण्यांत वाढणारा झिंग्याच्या दूरच्या नात्यांतला प्राणी. त्याचीं वाळलेलीं अंडीं कोरड्या, थंड जागीं वर्षानुवर्षें टिकतात, आणि डब्यांत भरून विकत मिळतात. एक लिटर पाण्यांत पंचवीस ते तीस ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत चहाचा पाव चमचा अंडीं टाकावीं, पंपानें खालून बुडबुडे सोडावे, आणि उजेड ठेवावा. पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास उबदार असेल तर चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी रंगाचीं पिलें निघतात. प्रत्येक सुमारें अर्ध्या मिलिमीटरचें. मग हवा बंद करावी आणि भांड्याच्या एका बाजूस दिवा धरावा. जिवंत पिलें उजेडाकडे गोळा होतात आणि रिकामीं टरफलें वर तरंगतात. पिलें नळीनें ओढून बारीक फडक्यांत गाळावीं, गोड्या पाण्यानें धुवावीं, आणि लगेच घालावीं. लगेच हा शब्द महत्त्वाचा आहे. आर्टेमियाच्या पिलाच्या अंगांतहि शिदोरीच असते. तासांमागून तास गेले कीं तें ती स्वतःच खर्च करतें, आणि माशाच्या पिलाच्या वाट्याला पोकळ घांस येतो. टरफलें टांकींत जाऊं देऊं नयेत. तीं गिळलीं गेल्यास पिलांच्या आंतड्यांत अडकण्याची भीति असते.

अगदींच अडचण आली तर उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा उपाय आहे. मोहरीएवढा बलक फडक्यांतून वाटीभर पाण्यांत पिळून त्याचे चारदोन थेंब द्यावे. पण हा उपाय तलवारीच्या धारेसारखा आहे. एक थेंब अधिक झाला तर दुसऱ्या दिवशीं पाणी नासतें, आणि भुकेनें मरणारीं पिलें विषानें मरतात.

या सर्वांचें वेळापत्रक मात्र उलट्या बाजूनें मांडावें लागतें. अंडीं पडल्यावर गवत उकळणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. जोडी एकत्र सोडण्यापूर्वीं एक आठवडा पहिली बरणी लावावी, तीन दिवसांनीं दुसरी. अंडीं घालून झाल्यावर मादीला वेगळें करावें, आणि पिलें आडवीं पोहूं लागलीं कीं नरालाहि. त्याच दिवसापासून इन्फ्युझोरिया अथवा शिरक्यांतले कृमि दिवसांतून तीनचार वेळां थोडेथोडे द्यावे. बेट्ट्याचीं पिलें थोड्याच दिवसांत आर्टेमिया घेऊं शकतात. गुरामीच्या पिलांना आठवडाभर किंवा अधिकहि सूक्ष्म अन्नावरच ठेवावें लागतें. एकदम बदल न करतां दोन्ही अन्नें कांहीं दिवस सोबत चालूं द्यावीं, म्हणजे मागें राहिलेलीं लहान पिलें उपाशीं पडत नाहींत. टांकीवर झांकण असावें, म्हणजे पाण्यावरील हवा उबदार राहते. बेट्टा आणि गुरामी यांना पुढें ही हवाच घ्यावयाची असते. तळचा गाळ बारीक नळीनें पांढऱ्या वाडग्यांत ओढावा. चुकून ओढलीं गेलेलीं पिलें त्या पांढऱ्यावर दिसतात आणि परत सोडतां येतात. भर घालावयाचें पाणी त्याच उबेचें, एक दिवस शिळें केलेलें आणि थोडें थोडें असावें.

पिलें जेवलीं कीं नाहीं, हें अनुमानावर सोडूं नये. भिंगांतून पोट पाहावें. उपाशी पिलाचें पोट आंत ओढलेलें आणि डोकें देहाच्या मानानें मोठें दिसतें. जेवलेल्याचें पोट गोल दिसतें. आर्टेमिया खाल्लेला असेल तर तें नारिंगी होतें. त्या एका रंगांत सगळ्या खटपटीची पावती असते.

शेवटीं एक विचार, जो खरें म्हणजे प्रथमच करावयाचा. बेट्ट्याची एक मादी एका वेळीं शेंकडों अंडीं घालते. त्यांतलीं बरींचशीं पिलें वाढलीं, तर दोनतीन महिन्यांत नर एकमेकांवर तुटून पडूं लागतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र भांडें लागतें. तीं भांडीं कोठें ठेवावयाचीं, आणि तीं पिलें कोणाच्या घरीं द्यावयाचीं, हें ठरविल्यावांचून जोडी एकत्र सोडूं नये. जड झालेले मासे विहिरींत, तळ्यांत किंवा नदींत सोडून मोकळें होण्याची संवय फार वाईट. परक्या देशाचा मासा येथल्या पाण्यांत रुजला तर येथल्याच पिलांच्या तोंडचा घांस काढून घेतो. ज्याला पहिल्या घांसाचें मोल कळलें, त्यानें तरी असें करूं नये.

त्या घरांत दुसऱ्या वर्षीं पुनः घरटें बांधलें जातें. या वेळीं खिडकींत तीन बरण्या आधींच उभ्या असतात, फडकीं बांधलेल्या. आणि स्वयंपाकघरांतून त्यांच्या वासाबद्दल रोज तक्रार येत असते. पिलें मागच्यापेक्षां अधिक निघत नाहींत, आणि जीं निघतात तीं सर्व जगतहि नाहींत. दहाव्या दिवशीं मोजदाद केली तर चाळीसपंचेचाळीस भरतात. नात भिंग घेऊन कांचेला नाक लावून बसते. बराच वेळ ती कांहीं बोलत नाहीं. मग हळूच सांगते, "आजोबा, जेवलीं हो सगळीं. पोटं नारिंगी झालीं आहेत." आजोबा चष्मा पुसून जवळ येतात, आणि भिंगासाठीं हात पुढें करतात.